देहाचे दान आणि घरचे मागणे

दिवाळी हा देण्याचा सण. पाडव्याला नवरा बायकोला देतो, भाऊबीजेला भाऊ बहिणीला देतो, आणि या दोन्हींत न बसणाऱ्या आत्या-मावश्यांनाही काही ना काही पोचते. ताटात काय पडले याचा हिशेब बहीण सहसा करीत नाही. केला तरी बोलून दाखवीत नाही. ओवाळणी म्हणजे वसुली नव्हे, हे आपल्या घरांतली लहान मुलेसुद्धा जाणतात. अशा दिवसांत देण्याविषयी थोडे गंभीर बोलले तर वाचक रागावणार नाहीत, या भरवशावर मी एक प्रश्न त्यांच्यापुढे ठेवतो.

प्रश्न असा आहे : घरातले एक माणूस मरणाच्या दारी आहे, दुसऱ्या माणसाच्या पोटातला एक भाग कापून दिला तर ते वाचण्यासारखे आहे. अशा वेळी तो भाग मागण्याचा अधिकार घराला आहे काय? आणि मागितल्यावर जो ‘नाही’ म्हणेल, तो दोषी ठरतो काय?

आपल्या आजोबांना हा प्रश्न पुराणातला वाटला असता. दधीचीने अस्थी दिल्या, शिबीने पारव्यासाठी मांडी कापून दिली, असे कीर्तनात ऐकावे आणि बुक्का लावून घरी यावे. आज तोच प्रश्न तालुक्याच्या गावातल्या घरात, नागपूरहून आलेल्या रिपोर्टांच्या पिशवीतून येतो. आणि तो ज्याच्या वाट्याला येतो तो ऋषीही नसतो, राजाही नसतो. दधीची आणि शिबी यांना नाही म्हणता आले असते, हे आपण विसरतो. त्यांच्या थोरवीचा अर्धा भाग त्या शक्यतेतच आहे.

आधी वस्तुस्थिती थोडक्यात सांगतो. मी शाळामास्तर, कादंबऱ्या लिहितो, वैद्यकाचा माझा अधिकार नाही. परंतु या प्रश्नापुरते जे कळायला हवे ते कोणालाही कळण्यासारखे आहे. यकृत हा उजव्या बरगड्यांखाली असलेला, सुमारे दीड किलो वजनाचा अवयव. अन्नातून आलेले पचवणे-साठवणे, विषारी द्रव्ये निपटणे, रक्त गोठवणारी द्रव्ये तयार करणे अशी अनेक कामे तो एकटा करतो. मूत्रपिंडे निकामी झाली तर डायलिसिसवर माणूस वर्षानुवर्षे काढतो. यकृताला असा टिकाऊ पर्याय यंत्राने दिलेला नाही. उलट त्याच्यात एक गुण असा, की निरोगी यकृताचा अर्ध्याहून अधिक भाग काढला तरी उरलेला काही आठवड्यांत, काही महिन्यांत पुष्कळसा भरून येतो. ग्रीक पुराणात प्रोमीथियसचे यकृत गरुड दिवसा खाई आणि रात्री ते पुन्हा वाढे, अशी कथा आहे. त्या कथाकाराला शरीरशास्त्र ठाऊक असेल-नसेल. अवयव मात्र त्याने नेमका निवडला.

हे शास्त्र सहजासहजी हाती आलेले नाही. अमेरिकेत डेन्व्हर येथे थॉमस स्टार्झल यांनी १ मार्च १९६३ रोजी पहिले यकृतारोपण केले. रोगी तीन वर्षांचे मूल होते. ते शस्त्रक्रियेच्या टेबलावरच गेले. त्यानंतरचे रोगीही फार तर तीन आठवड्यांच्या आसपास जगले, आणि काम थांबवावे लागले. १९६७ साली एक लहान मुलगी वर्षाहून अधिक जगली, तेव्हा कुठे आशा धरता आली. त्या साऱ्या शस्त्रक्रिया मृताचे यकृत घेऊन होत. जिवंत माणसाच्या यकृताचा भाग घेण्याचे धाडस १९८८-८९ मध्ये झाले. शिकागोच्या डॉक्टरांनी तर १९८९ च्या ऑगस्टमध्ये आधी आपल्या बेताचा नैतिक विचार वैद्यकीय नियतकालिकात छापला, लोकांना वाद घालू दिला, आणि मग नोव्हेंबरात एका आईच्या यकृताचा भाग तिच्या लहानग्या मुलीला दिला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. चाकू हाती घेण्यापूर्वी त्यांनी विचारले : हे करता येते, पण करावे काय?

आपल्या देशात १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि १९९५ पासून तो महाराष्ट्रात लागू आहे. १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्लीला कांचीपुरमच्या एका दीड-पावणेदोन वर्षांच्या बाळाला वडिलांनी यकृताचा भाग दिला. भारतातले ते पहिले यशस्वी यकृतारोपण. ते बाळ पुढे शिकून स्वतः डॉक्टर झाले. विदर्भापुरते बोलायचे तर २०१८ पासून नागपुरात या शस्त्रक्रिया होऊ लागल्या, आणि मुंबई-चेन्नईचे तिकीट काढण्याची सक्ती थोडी सैल झाली. म्हणूनच हा प्रश्न आता आमच्या चांदूर बाजारच्या वेशीवर येऊन उभा आहे.

एक घर कल्पनेत आणू या. चारपाच एकर संत्रा, थोडी तूर, थोडी कपाशी. म्हातारी आई, दोन भाऊ, दोघांच्या बायका, लेकरे. एक बहीण अकोटला दिलेली. थोरल्याला कावीळ झाली, पोटात पाणी झाले. अमरावती झाली, नागपूर झाले. यकृत बदलल्याशिवाय उपाय नाही असे कळले. मेंदू मृत झालेल्या दात्याचे यकृत मिळावे म्हणून यादीत नाव घातले, पण यादी लांब आणि दिवस थोडे. डॉक्टरांनी विचारले, घरातून कोणी? रक्तगट धाकट्या भावाचा जुळतो, बायकोचा जुळतो, बहिणीचाही जुळतो. धाकटा म्हणतो, मी आडवा पडलो तर बाग कोण पाहील? बहिणीच्या सासरचे म्हणतात, आमच्याकडची माणसे काय म्हणतील? मग सगळे गप्प होतात, आणि सगळ्यांचे डोळे एकाच दिशेला वळतात. सासू एवढेच म्हणते, “सूनबाई, तुह्या कुकवाचा सवाल हाये.” आणि सून म्हणते, “मी देतो ना, आत्याबाई.” आमच्या वऱ्हाडीत बाई ‘देतो’च म्हणते.

आता हे दान झाले काय? कायद्याच्या दृष्टीने झाले. पत्नी ही जवळची नातलग. आईवडील, मुले, भावंडे, पतिपत्नी आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजीआजोबा व नातवंडे यांना एकमेकांना अवयव देता येतो. पैशाचा व्यवहार नाही. तो असता तर तो गुन्हा, आणि शिक्षाही कडक. कागदावर तिची सही आहे, छायाचित्र आहे. तरीही मन खात्री देत नाही. कारण त्या बाईला ‘नाही’ म्हणायचे असते, तर ते म्हणून ती जगली कुठे असती? नवरा गेला असता तर ‘नवऱ्याला खाल्ले’ हा शब्द तिच्या कपाळी लागला असता. तो दुसऱ्या कोणाचे यकृत मिळून वाचला असता, तर त्याच्या ताटात वाढताना तिला रोज तो ‘नाही’ वाढावा लागला असता. ज्या देण्याला नकाराची वाटच नाही ते दान नव्हे. तो सारा आहे. सारा देणाऱ्याचे मन चांगले असू शकते, तो आनंदानेही भरू शकतो. तथापि घेणाऱ्याने त्याला दान म्हणू नये.

यावर एक आक्षेप निघेल, आणि तो हलका नाही. कोणी म्हणेल, मास्तर, घर म्हणजे काय बाजार आहे, की तिथे सुटी इच्छा आणि मोकळी संमती मोजावी? आगीत शिरून लेकराला बाहेर काढणारी आई ‘मी स्वतंत्र आहे काय’ असे विचारीत बसत नाही. प्रेमच तिला बांधते, आणि असे बांधले जाण्यात माणसाचे माणूसपण आहे. बायको नवऱ्यासाठी पोट चिरून घेते यात तिचा अपमान पाहणारे तुम्ही कोण?

आक्षेपाचा पूर्वार्ध मला मान्य आहे. प्रेमाचे बंधन हे माणसाचे स्वतःचे असते. त्याने केलेले काम त्याचेच. परंतु प्रेमाची ओढ आणि घराची ओढाताण या दोन गोष्टी एका दिसल्या तरी एक नाहीत, आणि त्या ओळखायची एक साधी कसोटी आहे. प्रेम स्त्रियांच्याच वाट्याला आले आहे असे कोणी म्हणणार नाही. मग देणे एकाच बाजूला का साचते? १९९५ ते २०२१ या काळात आपल्या देशात झालेल्या ३६,६४० अवयवारोपणांपैकी २९ हजारांवर पुरुषांना झाली, स्त्रियांना ६,९४५; जिवंत दात्यांत मात्र स्त्रियाच अधिक. दारूमुळे यकृत गमावणाऱ्यांत पुरुष अधिक असतात, म्हणून थोडा फरक समजण्यासारखा आहे. पण हे आकडे सगळ्या अवयवांचे आहेत, आणि एवढे मोठे अंतर रोगाने पडत नाही. बाई आजारी पडली की घर ‘पाहू’ म्हणते, आणि पुरुष आजारी पडला की घर तिच्याकडे पाहते. जिथे देणे नेहमी उताराच्या एकाच बाजूने वाहते, तिथे प्रेमाबरोबर आणखी काही तरी वाहत असते.

शिवाय हे देणे बिनधोक नाही. यकृत वाढते हे खरे. पण शस्त्रक्रिया मोठी आहे. उजवा, मोठा भाग देणाऱ्यांत जगभरच्या अनुभवाने हजारामागे दोन ते पाच दाते दगावतात. हा धोका थोडा आहे, शून्य नाही; आणि तो अशा माणसाने घ्यायचा आहे ज्याला स्वतःला काहीच झालेले नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात एका पत्नीने पतीला यकृताचा भाग दिला. काही दिवसांच्या अंतराने दोघेही गेले. तिथे कोणाचे काय चुकले हा या लेखाचा विषय नाही. एकाच घरातली दोन माणसे एकाच वेळी टेबलावर असतात, आणि मागे लेकरे असतात, एवढेच ध्यानात घ्यावे. खुद्द स्टार्झल यांनी, ज्यांच्यापासून हे शास्त्र सुरू झाले त्यांनीच, १९७२ नंतर मूत्रपिंडासाठी जिवंत दाते घेणे थांबवले होते. ज्याने हे काम अधिक जवळून पाहिले, त्याला दात्याची काळजी अधिक वाटली.

म्हणून जगातल्या अनेक रुग्णालयांत एक वहिवाट पडली आहे. दात्याला एकट्याला, घरच्यांच्या अपरोक्ष, त्याच्या बाजूचा म्हणून नेमलेला डॉक्टर किंवा समुपदेशक भेटतो. त्या भेटीत दाता म्हणाला, की मला द्यायचे नाही, तर घरच्यांना एवढेच सांगितले जाते की हा दाता योग्य ठरला नाही. कारण सांगत नाहीत. घरच्यांचा समज होतो की काही जुळले नाही.

हे खोटे बोलणे झाले काय? कुरुक्षेत्रावर धर्मराजाने अश्वत्थामा मेल्याचे अर्धे सत्य सांगितले, आणि त्याचा जमिनीला न टेकणारा रथ खाली आला, असे आपण मुलांना शिकवतो. मग डॉक्टरांचा रथ टेकतो की नाही? मला दोन्हींत फरक दिसतो. धर्मराजाच्या अर्ध्या सत्याने एका शस्त्र टाकलेल्या माणसाचा घात झाला. डॉक्टरांच्या मौनाने एका निःशस्त्र माणसाला आडोसा मिळतो. आणि ‘योग्य ठरला नाही’ हे तसे असत्यही नाही : ज्याचे मन तयार नाही तो दाता म्हणून योग्य नसतोच. पण इथे थांबता येत नाही. आडोशाची गरज पडावी हीच घराच्या दृष्टीने लाजेची गोष्ट आहे. आपल्या माणसाला आपल्यापासून लपवण्यासाठी परक्या डॉक्टरला पडदा धरावा लागतो, याचा अर्थ आपल्या घरात नकाराला बसायला जागा नाही.

आता उलट बाजू पाहू. केरळात एका सतरा वर्षांच्या मुलीला वडिलांना यकृताचा भाग द्यायचा होता. कायदा अज्ञान मुलांचा अवयव घेऊ देत नाही. ती उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने परवानगी दिली आणि २०२३ च्या फेब्रुवारीत तिने तो भाग दिला. इथे कोणी तिच्याकडे डोळे वळवले नव्हते. कायद्याने तिच्यासाठी नकार तयार करून ठेवला होता, आणि तो ओलांडायला ती स्वतः धडपडली. वय कमी म्हणून मला धाकधूक वाटते; पण ते दान होते याविषयी शंका वाटत नाही. नकार हाताशी असताना जो देतो, तोच देतो.

घेणाऱ्याचाही एक अधिकार आहे, त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. “लेकराचं पोट चिरून मले जगाचं नाही” असे म्हणणारा बाप आमच्या भागात सापडेल. त्याला हट्टी म्हणून गप्प बसवू नये. घेणे हेही ओझे आहे. ते रोज सकाळी गोळ्यांबरोबर गिळावे लागते, आणि गोळ्या तर जन्मभर घ्याव्या लागतात. त्या उपकाराखाली वाकून जगणे काहींना मरणाहून जड वाटते. अशा बापाला समजवावे जरूर. पण ऐकूनही घ्यावे.

मग दारूचा प्रश्न येतो. तो टाळला तर वाचक म्हणतील मास्तर भ्याले. ज्याने स्वतःच्या हाताने यकृत जाळले, त्याला बायकोने आपले का द्यावे? जॉर्ज बेस्ट या प्रसिद्ध फुटबॉलपटूला २००२ साली यकृत मिळाले. तो पुन्हा पिऊ लागला आणि २००५ साली गेला. हे उदाहरण सगळे देतात. फ्रान्स-बेल्जियममध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातले उदाहरण कमी जण देतात : दारूने यकृत अचानक बिघडलेल्या, नीट निवडून घेतलेल्या २६ रुग्णांना आरोपण केले, त्यांतले तिघे पुन्हा प्याले. म्हणजे बहुतेक सुधारले. आणि दारू न शिवलेल्यांचेही यकृत कावीळ ब-क च्या विषाणूंनी, मधुमेह-स्थूलपणातून साचणाऱ्या चरबीने जाते. सुजलेले पोट पाहून ‘पीत असेल’ असे म्हणणारी जीभ अनेक निर्व्यसनी माणसांना छळते. माझे मत असे : रोगी लायक आहे की नाही हे रुग्णालयाने ठरवू नये, औषधाला पाप-पुण्य विचारण्याचा अधिकार नाही. पण घरातल्या दात्याला तो विचारण्याचा अधिकार आहे. वीस वर्षे मार खाल्लेल्या बाईने ‘नाही’ म्हटले, तर तिच्यापुढे सावित्रीचे नाव घेऊ नये.

एवढे म्हणून थांबलो तर रोगी मरतो, हे मला कळते. नकाराची बाजू घेणाऱ्याने वाटही दाखवली पाहिजे. घरातल्या माणसावरचा भार उतरवायचा असेल, तर तो गावाने, समाजाने उचलला पाहिजे, आणि त्याचा मार्ग मृत्यूनंतरच्या दानाचा आहे. अपघातात मेंदू मृत झाला की चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून तसे ठरवते. त्यानंतर नातलगांनी होकार दिला तर नागपूरच्या विभागीय समन्वय समितीमार्फत अवयव यादीतल्या रुग्णांकडे जातात. यकृत काही तासांतच दुसऱ्या देहात पोचावे लागते. इथेही मागणे आहेच, आणि तेही दुःखाच्या अगदी मध्यावर. इथेही नकार द्यायची पूर्ण मुभा हवी. फरक एवढाच, की इथल्या होकाराने कोणा जिवंत माणसाला इजा होत नाही. घरातल्या सुनेचा प्राण पणाला लावण्यापूर्वी परक्या मृताचे दान मागून पाहणे, हा नीतीचा साधा क्रम आहे. पण आपण मेलेल्याचा देह अखंड जावा म्हणून हटतो, आणि जिवंत बाईचा देह मात्र सहज खंडित करतो.

दुसरा भार पैशाचा आणि पाठीशी उभे राहण्याचा. खासगी रुग्णालयात हा खर्च वीस लाखांच्या घरात किंवा वर जातो. मुख्यमंत्री साहाय्यता निधी, विश्वस्त संस्था यांच्याकडून मिळते ते घेऊनही बाग गहाण पडते. शस्त्रक्रियेनंतर महिनोन्‌महिने रुग्णालयाजवळ खोली करून राहावे लागते. दाता आणि रोगी दोघेही अंथरुणावर. डबा कोण आणणार? शाळामास्तर म्हणून मला तिसरेच दिसते : ज्याचे आईबाप दोघेही एकदम इस्पितळात आहेत असा पोरगा मागच्या बाकावर. त्याची फी, त्याचे जेवण, त्याचा अभ्यास हे त्याच्या आईने दिलेल्या दानाइतकेच मोलाचे देणे आहे, आणि त्याला रक्तगट जुळावा लागत नाही.

हे देणे आपल्या मातीला नवे नाही. शेंडगावी जन्मलेल्या आणि १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ देह ठेवलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात येणारे रुग्ण आणि त्यांची माणसे आजही उतरतात. देवाच्या दारी जाणाऱ्याला निवारा हवा, तसाच तो डॉक्टरांच्या दारी जाणाऱ्यालाही हवा, हे त्या खराटेवाल्या बाबाच्या शिकवणीत होतेच. नागपूरला जाणाऱ्या आपल्या गाववाल्याला एक खोली, दोन वेळचा डबा आणि बागेला पाण्याची पाळी देणारा शेजारी मिळाला, तर धाकट्या भावाचा ‘बाग कोण पाहील’ हा सवाल तरी उरणार नाही.

आणि एक काम असे आहे की त्याला पैसाही लागत नाही. फराळाच्या ताटाभोवती सगळे जमले असतील तेव्हा घरातल्या कर्त्याने दोन गोष्टी बोलून टाकाव्यात. पहिली : मी अपघाताने गेलो तर माझे जे कोणाच्या उपयोगी पडेल ते द्या, माझी हरकत नाही. दुसरी : उद्या मला काही झाले तर या घरात कोणी कोणाकडे नुसते पाहायचे नाही. ज्याला द्यायचे तो बोलेल. जो बोलणार नाही त्याला कोणी काही विचारणार नाही, आणि त्याच्या हातचे पाणी मला पूर्वीसारखेच गोड लागेल. हे शब्द धडधाकट असतानाच उच्चारावे लागतात. आजारी माणसाच्या तोंडी ते आले तरी ऐकणाऱ्याला मागणीसारखे वाटतात.